बोट दाखवलं की कळी कुजते

जुलै लागला की माझी सकाळ सव्वासहाला परसात सुरू होते. चहा नंतर. आधी वेलापाशी जायचं, पानं हलकेच बाजूला करायची आणि आज किती फुलं उमललीत ते बघायचं. भोपळ्याचं फूल उजाडता उजाडता उमलतं आणि उन्हं चढली की दहा-अकरापर्यंत मिटून जातं. एकदा मिटलं की पुन्हा उघडत नाही. एवढं एक ध्यानात यायला माझी दोन वर्षं गेली.

आम्ही राहतो मध्य न्यू जर्सीत. घरामागे नीट ऊन येणारी जागा जेमतेम १२ बाय २० फुटांची. त्यात टोमॅटो, मिरच्या, मेथी, कोथिंबीर आधीपासून ठाण मांडून बसलेली. तिथे भोपळ्याचा वेल लावायचा म्हणजे जागेचा हिशेब करावाच लागतो. म्हणून मी मोठा भोपळा न लावता इथला छोटा भोपळा निवडला. वाणाचं नाव स्मॉल शुगर. बरेच लोक त्याला न्यू इंग्लंड पाय म्हणतात, कारण थँक्सगिव्हिंगच्या सणाला पम्पकिन पाय नावाचा जो गोड पदार्थ करतात त्यासाठी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या घराघरांतून तो पूर्वीपासून लावत आले. एकोणिसाव्या शतकापासूनचं हे जुनं वाण. फळ दोन-अडीच किलोचं, गोल, वरून किंचित चपटं, रंग झेंडूचा. हॅलोवीनला चेहरे कोरायला जे मोठे भोपळे मिळतात त्यांचा गर पाणचट आणि रेषाळ असतो. ह्याचा गर घट्ट, बारीक आणि गोड.

आपला लाल भोपळा आणि हा, दोघे चुलत भावंडं. आपला बहुतेक करून मोशाटा जातीचा, हा पेपो जातीचा, झुकिनीही पेपोच. घराणं दोघांचंही मूळ अमेरिकेचं. मेक्सिकोत ओहाकाजवळच्या एका गुहेत पेपोच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात. मका, घेवडा आणि भोपळा एकाच आळ्यात लावायची इथल्या मूळ रहिवाशांची जुनी पद्धत आहे. मक्यावर घेवडा चढतो आणि भोपळ्याची रुंद पानं खालची जमीन झाकून तण दाबतात. आमच्या भागात लेनापे लोक राहायचे, तेही हीच तीन पिकं घ्यायचे. आपल्याकडे भोपळा आला तो पोर्तुगीज इकडून तिकडे ये-जा करू लागल्यानंतर. माझं माहेर कऱ्हाडजवळ, कृष्णाकाठी. तिथे गोठ्याच्या पत्र्यावर चढलेला वेल पाहत मी वाढले, आणि तो आपलाच, कायमचा, असंच धरून चालले होते. इथे येऊन त्याच्या माहेरी त्याला लावते आहे, ह्याचं मला अजूनही नवल वाटतं.

पहिलं वर्ष २०२२. मला घाई झाली होती. एप्रिलच्या शेवटी चार दिवस छान ऊन पडलं आणि मी १ मेला बिया टोकल्या. नंतर आठवडाभर थंडगार पाऊस. बिया जागीच कुजल्या. भोपळ्याच्या बीला ऊबदार माती लागते, निदान १८-२० अंश सेल्सिअस तरी. थंडीची हवा गेली असली तरी माती मागे राहते, तिला तापायला वेळ लागतो. आता मी मेच्या शेवटच्या आठवड्याआधी बीला हात लावत नाही. सकाळी अनवाणी उभं राहिलं आणि तळपायाला गारवा झोंबला नाही, की समजायचं.

दुसऱ्यांदा लावलेल्या बिया मात्र रुजल्या. वेल दहा फूट गेला, कुंपणावर चढला, पिवळ्याधमक फुलांनी भरला. मग एक दिवस फुलाखाली बोराएवढा हिरवा भोपळा दिसला. मी आनंदाने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन वेलावर धरून म्हटलं, "हा बघ, दिसला का?" बोटाने दाखवलं.

आई पलीकडून जवळजवळ ओरडलीच. "अगं, बोट दाखवू नको! कळी कुजते!"

लहानपणी शंभरदा ऐकलेलं होतं हे. भोपळ्याच्या, काकडीच्या कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही. दाखवायचंच असलं तर बोट मुडपून दाखवायचं. मी हसले आणि विषय बदलला. चार दिवसांनी ते बोराएवढं फळ टोकाकडून पिवळं पडलं, मऊ झालं आणि गळालं. त्यानंतरचंही तसंच गेलं. त्या उन्हाळ्यात अकरा कोवळी फळं अशी गेली. माझ्या मनात बोटाचा संशय येऊन गेला, हे खरंच सांगते.

ऑगस्टमध्ये मी आईला रडवेल्या आवाजात विचारलं, की अण्णांच्या वेलाला कसे लागायचे एवढे? ती म्हणाली, "तुझे अण्णा रोज पहाटे परसात काय उगाच जायचे? लगीन लावायला जायचे."

आणि मला एकदम आठवलं. मी सहा-सात वर्षांची असेन. अण्णा धोतराचा सोगा खोचून वेलापाशी वाकलेले, हातात पाकळ्या काढून टाकलेलं एक फूल. "काय करताय?" "लगीन लावतोय ह्यांचं." मला तेव्हा ती गंमत वाटली होती. चाळीस वर्षं ते चित्र डोक्यात कुठेतरी पडून होतं, आणि त्याचा अर्थ मला न्यू जर्सीत लागला.

ते लगीन असं. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. आधी आठ-दहा दिवस नुसती नर फुलंच येतात, लांब बारीक देठावर. नवखा माणूस तिथेच घाबरतो, की फुलं येताहेत आणि नुसती गळताहेत. ती गळायचीच असतात. मादी फूल मागून येतं, आखूड देठावर, आणि त्याच्या पाकळ्यांखाली तो छोटा भोपळा उमलायच्या आधीपासून असतो. म्हणजे फळ दिसलं म्हणजे धरलं असं नाही! नराचा पराग मादीपर्यंत पोचला नाही, तर ते फळ पिवळं पडून कुजणारच, कोणी बोट दाखवो न दाखवो. आणि ते पोचायला एकच सकाळ मिळते.

मी करते ते असं. ताजं उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं. पाकळ्या हळूच सोलून काढायच्या. आत एक जाडसर पिवळी कांडी राहते, बोट लावलं की हळदीसारखी भुकटी बोटावर येते. मादी फुलात डोकावलं की तीन पाकळ्यांची, ओलसर, नारिंगी गाठ दिसते. त्या कांडीने त्या गाठीच्या तिन्ही बाजूंना हलकेच पुसायचं. एका मादी फुलाला मी दोन नर फुलं वापरते. पराग कमी पडला तर फळ एका अंगाने फुगतं आणि दुसऱ्या अंगाने बसकं राहतं. हे सगळं दोन मिनिटांचं काम, पण ते साडेसहा-सातला करायचं. आठनंतर कामावर निघायच्या गडबडीत केलं तर हाताला काही लागत नाही.

खरं तर हे काम माझं नव्हेच. ते एका मधमाशीचं आहे. तिला इथे स्क्वॉश बी म्हणतात. साध्या मधमाशीएवढीच, जरा गोलमटोल, पण ती पराग गोळा करते तो फक्त भोपळ्याच्या घराण्यातल्या फुलांचा. तिचं पोळं नसतं. एकेक मादी जमिनीत बीळ करून राहते, पुष्कळदा वेलाच्याच खाली. मेक्सिकोकडून माणसं भोपळा घेऊन उत्तरेकडे सरकत गेली तशी ही माशीही त्यांच्यामागून इथवर आली. दुपारी मिटलेलं, सुरकुतलेलं एखादं नर फूल अलगद उघडून बघा. आत नर माशा झोपलेल्या असतात. २०२३ च्या जुलैत मी पहिल्यांदा असं फूल उघडलं. आत तिघे होते, पाय पोटाशी घेऊन, अंगभर पिवळी भुकटी माखलेली. एकाने मिशी हलवली आणि पुन्हा तो निपचित झाला. मी पाकळ्या परत मिटवून ठेवल्या. त्या दिवसापासून मी वेलाखालची जमीन कुदळीने खणणं सोडून दिलं. कंपोस्ट वरून पसरते आणि तण हाताने उपटते. किडीसाठी काही फवारायचं झालंच तर ते संध्याकाळी, फुलं मिटल्यावर, आणि फुलांना वगळून.

पण तेच वर्ष दुसऱ्याच कारणाने गेलं. जून सरता सरता एक तांबूस-नारिंगी पोटाचा किडा भरदुपारी वेलाभोवती घिरट्या घालताना दिसला. मला वाटलं गांधीलमाशी. तो पतंग होता. खोडाच्या बुडाशी तो एकेक करून चपटी तपकिरी अंडी चिकटवतो आणि अळी निघाली की थेट खोडात शिरते. वरून काही कळत नाही. आधी दुपारी पानं माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. आपण म्हणतो, ऊन फार आहे, आणि पाणी वाढवतो. मग एके दिवशी ती सावरतच नाहीत. बुडाशी वाकून बघितलं तर ओल्या लाकडाच्या भुश्यासारखा पिवळट चोथा बाहेर आलेला. आपल्याकडे फळमाशी फळाला डंख मारते, तिचा त्रास मला माहीत होता. पण ही अळी अमेरिकेतलीच, अण्णांच्या वेलाने तिला कधी पाहिलं नव्हतं.

शेजारी एक आजोबा आहेत, आई-वडील इटलीहून आलेले. भोपळ्याची फुलं ते पिठात बुडवून तळतात. आमची भजी आणि त्यांचा तो पदार्थ ह्यात फरक एवढाच, की ते फुलात चीज भरतात आणि आम्ही बेसनात ओवा घालतो. वेल कोलमडलेला त्यांनी कुंपणावरून पाहिला आणि दाढी करायचं जुनं पातं घेऊनच आले. गुडघ्यावर बसून त्यांनी खोडाला लांबीच्या दिशेने, रेषेत चीर दिली. आडवी चीर देऊ नकोस, आडवी दिलीस तर वेल मेला, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. आतून पांढरी, जाड, तपकिरी डोक्याची अळी निघाली. मग दुसरी. चिरेवर ओली माती थापली आणि पाणी घातलं. दोन वेलांपैकी एक तगला, पण त्यावर एकच फळ आलं आणि तेही मुठीएवढं राहिलं.

त्यांच्याकडून शिकलेलं आता दर वर्षी करते. वेल फूटभर झाला की बुडाच्या चार-पाच इंचांना स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायचा, अंडी घालायला जागाच नको. वेल जमिनीवर पसरू लागला की पेरांवर मूठ-मूठ माती टाकायची. पेराला मुळं फुटतात आणि बुडाला काही झालं तरी पुढचा वेल त्या मुळांवर जगतो. ती अळी पुढे जमिनीत उतरून हिवाळा काढते, म्हणून आळ्याची जागाही बदलायची. काही जण हिवाळ्याआधी जमीन खणून तिचे कोष वर काढतात. मी खणत नाही, कारण तिथेच माझ्या त्या माश्यांची पिल्लंही झोपलेली असतात. १२ बाय २० मध्ये जागा बदलणं अवघड आहे. तरी मी टोमॅटोला इकडे आणि भोपळ्याला तिकडे करत राहते.

मातीबद्दल थोडंच सांगते. आमच्या भागातली माती तांबडी, चिकट. खाली लाल शेल खडक आहे. मी रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर सामू (pH) ५.६ आला, म्हणजे भोपळ्याला जरा आंबटच. शरद ऋतूत चुना घातला, वर पानांचं कंपोस्ट. आळी उंचवट्यावर करते, म्हणजे पाणी साचत नाही आणि माती लवकर तापते. एका आळ्यात चार-पाच बिया टोकायच्या आणि जोमदार दोन रोपं ठेवून बाकीची कात्रीने कापायची. उपटायची नाहीत, शेजारच्याची मुळं दुखावतात. आठवड्याला दोनदा, बुडाशी, भरपूर पाणी. पानांवर पाणी मारलं नाही तरी ऑगस्टमध्ये भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येतेच. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी उन्हात फवारलं की ती पसरायची थांबते, जात नाही.

२०२४ चं वर्ष माझं. २६ मेला, रविवारी, दोन आळ्यांत बिया टोकल्या. १० जुलैच्या सुमारास पहिलं मादी फूल आलं.

त्यातल्या एका फुलासाठी मी खास खटपट केली. पेपो जातीतल्या सगळ्यांचा एकमेकांशी संकर होतो. शेजारच्या आजोबांच्या झुकिनीचा पराग माझ्या फुलावर माशीने आणला, तर ह्या वर्षीच्या फळाला काही होत नाही, पण त्यातल्या बिया पुढच्या वर्षी भलतंच काहीतरी देतात. मला शुद्ध बी हवं होतं. आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणार अशा कळ्या ओळखून (टोक हिरव्याचं पिवळं झालेलं असतं) एक मादी कळी आणि दोन नर कळ्या दोऱ्याने तोंडाशी बांधून टाकल्या. सकाळी सोडल्या, लगीन लावलं आणि मादी फूल पुन्हा बांधलं. देठाला खूण म्हणून देवघरातला लाल दोरा सैल बांधला. मग आईला फोन लावला आणि बोट मुडपून दाखवलं. आईने डोळे बारीक करून पाहिलं. "दोरा अण्णांसारखाच बांधलास," म्हणाली. अण्णा दोरा बांधायचे हे मला ठाऊक नव्हतं. बियाणाच्या फळाला बांधायचे म्हणे, चुकून कोणी खुडू नये म्हणून.

त्या वर्षी चार वेलांना मिळून आठ भोपळे धरले. एक हरणाने अर्धा खाल्ला. फळं जमिनीला टेकलेली राहू नयेत म्हणून प्रत्येकाखाली फरशीचा तुकडा सरकवला. सप्टेंबर उजाडला तसा हिरवा रंग जाऊन नारिंगी चढला. नख रुतेनासं झालं आणि देठ वाळून टणक झाला की भोपळा तयार. १४ सप्टेंबरला, शनिवारी, तीन बोटं देठ ठेवून सातही काढले. देठाला धरून उचलायचे नाहीत. देठ मोडला की तिथूनच कूज सुरू होते. दहा दिवस ओसरीवर उन्हात ठेवले म्हणजे साल कडक होते. मग तळघरात, जिथे १०-१२ अंश गारवा असतो तिथे, लाकडी फळीवर मांडले, एकमेकांना न टेकवता. असे ते दोन-तीन महिने सहज राहतात.

आणि पितृपक्ष आला. अण्णांची तिथी अष्टमीची. आमच्याकडे त्या दिवशी भोपळा आणि गवार हव्यातच. एरवी मी एडिसन गावातल्या दुकानातून कापलेली फोड आणते. ह्या वेळी लाल दोऱ्याचा भोपळा काढला. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिला सुरा लावायचा नाही अशी आमच्या घरची रीत, म्हणून नवऱ्याने पहिला घाव घातला आणि पुढचं मी विळीवर केलं. साल विळीच्या पात्याला दाद देईना. आत उतरल्यावर मात्र गर लोण्यासारखा कापला गेला. वास आला तो काकडी आणि ओल्या शेंगदाण्याच्या मधला कुठलातरी. फोडणीत मेथीदाणे, हिंग, सुकी मिरची, वर गुळाचा खडा आणि ओलं खोबरं. कांदा-लसूण नाहीच. आपल्या भोपळ्याइतकं पाणी ह्याला सुटत नाही, म्हणून भाजी झाकणावर पाणी ठेवून शिजवली.

उरलेल्या गराचे घारगे केले. दोन वाट्या कीस वाफवून, गरम असतानाच एक वाटी गूळ, चिमूटभर मीठ, जायफळ. मग त्यात मावेल तेवढी कणीक आणि मूठभर तांदळाचं पीठ, वरून पाण्याचा थेंब नाही. ह्या भोपळ्याला कणीक नेहमीपेक्षा पाऊण वाटी कमी लागली. एक ताट कुंपणावरून आजोबांना दिलं. त्यांनी पहिला घारगा उभ्या-उभ्या संपवला आणि दुसरा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

थँक्सगिव्हिंगला लेकीने दुसऱ्या एका भोपळ्याचा पाय केला. इथे डबाबंद मिळणारा भोपळा बराचसा इलिनॉयमध्ये पिकतो आणि तो डिकिन्सन नावाचा, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याच्याच मोशाटा जातीचा. तिला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग इतकी वर्षं मी शाळेत आजीचाच भोपळा खात होते.

लाल दोऱ्याच्या भोपळ्यातून भरलेल्या, टपोऱ्या ७२ बिया निघाल्या. धुऊन, सावलीत ताटात पंधरा दिवस वाळवल्या. वीस आजोबांना दिल्या, दहा लेकीने तिच्या खोलीत नेऊन ठेवल्या, बाकी काचेच्या बरणीत आहेत. पुढचं आळं कुंपणाच्या कोपऱ्यात करायचं ठरलंय. तिथले टोमॅटो काढून झालेत आणि चुनाही पसरून ठेवलाय.